पत्करलेला त्रास



दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या युसूफ वडगावच्या परिसरातील कितीतरी घरांना कुलूप लागते. नवरा-बायकोचा एक 'कोयता' ठरतो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि बिऱ्हाड साखर कारखान्याच्या वाटेला लागते. पाडव्याच्या सुमारास माणसे परततात. पण उचल फिटली नसेल, तर पुढचा हंगामही आधीच बांधला गेलेला असतो.

हे डोळ्यांसमोर असताना 'त्रास सोसा, त्यातूनच माणूस घडतो' असे कोणी सांगितले तर ते आपल्याला पटेल काय? पटू नयेच. त्रास माणसाला घडवतो, तसा मोडतोही. नुसत्या कष्टाने माणूस वर आला असता, तर ऊसतोड कामगार आज सर्वांच्या पुढे असता.

मग फरक कशात आहे? आम्हांला वाटते, त्रास दोन प्रकारचा असतो : एक लादलेला आणि दुसरा आपण होऊन पत्करलेला. उचलीत पैसा आज हाती येतो आणि उद्याचा घाम आधीच विकला जातो. बचतीत याच्या उलट घडते. अडचण आज सोसायची आणि फळ उद्या घ्यायचे. गुंतवणूक या मोठ्या शब्दाचा साधा अर्थ एवढाच.

२०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. दुष्काळ कोणाला विचारून येत नाही. पण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने काय केले ते पाहू. तेथूनही माणसे पोटासाठी गाव सोडून जात होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने स्वतःवर बंधने घालून घेतली. मोकाट चराई बंद, झाडतोड बंद, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही. शिवाय डोंगरउतारावर श्रमदान. ज्याची गुरे चरत होती, ज्याला उसाचे पैसे दिसत होते, त्याला हे सोपे गेले असेल काय? पण काही वर्षांत विहिरींना पाणी आले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली.

शुभवर्तमानातील तिसरा दास आपल्याला ठाऊक आहे. त्याने धन्याचा पैसा उधळला नव्हता. भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवला, एवढाच त्याचा दोष. मात्र याचा अर्थ कोठेही पैसा लावावा असा नव्हे. अलीकडच्या वर्षांत आपल्याच जिल्ह्यात जादा व्याजाच्या आशेने पतसंस्थांत ठेवलेल्या अनेकांच्या ठेवी अडकल्या. झटपट वाढीचा मोह म्हणजे वाट पाहण्याचा त्रास टाळणेच होय.

सुरुवात लहान असू द्या. बचत गटात महिन्याला २०० रुपये टाकले, तर व्याज न धरताही १० वर्षांत २४,००० रुपये होतात. १० वर्षांच्या आतील मुलीच्या नावे टपाल कार्यालयात सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपयांवर चालते. लग्नातील एक खर्च कमी करताना चारचौघांत थोडे ओशाळल्यासारखे होईल. तेवढे ओशाळणे पत्करू या.

आणि ज्या घरात २०० रुपयेही उरत नाहीत? त्यांना बचतीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आईवडील कोयत्यावर गेले असताना त्यांचे लेकरू गावात राहून शाळा शिकावे, म्हणून त्याला आपल्या ताटातील भाकरी देणे ही आपली गुंतवणूक होय. त्यातही थोडी गैरसोय आहेच.

या आठवड्यात घरी सर्वांनी एकत्र बसून एवढेच विचारू या : आपल्यावर लादलेला त्रास कोणता, आणि तो कमी व्हावा म्हणून आज आपण कोणता त्रास आपण होऊन पत्करणार आहोत?