मालक : नोबडी

सरकारी कचेरीच्या दारावर पाटी असते : 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' कोणाच्या परवानगीशिवाय, हे पाटी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. दार ढकलतो, नाहीतर मुकाट बाकावर जाऊन बसतो. संगणकही याच वळणाचा. '५५० परमिशन डिनाइड' एवढं लाल अक्षरांत उमटतं आणि पुढे गप्प.

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. मागे व्याख्यानमालेचे फोटो चढवले, त्यातल्या एकात मंचावरच्या फलकावर वक्त्यांचं आडनाव चुकीचं रंगवलेलं दिसत होतं. त्यांचा फोन आला, तो फोटो तेवढा काढा. साइट बनवून देणाऱ्या मुलाने फोटो चढवायची सोय केली होती, काढायची केली नव्हती. तेव्हा रात्री साडेदहाला फाइलझिला, म्हणजे एफटीपी या पद्धतीने सर्व्हरवरच्या फाइली हाताळायचा प्रोग्रॅम, उघडलं, फोटो निवडला, डिलीट दाबलं. ५५०. पुन्हा दाबलं, ५५०. पासवर्ड बरोबर, सगळे फोल्डर समोर दिसताहेत, आणि मीच चढवलेला फोटो मलाच काढता येईना.

होस्टिंगवाल्यांकडे तक्रार नोंदवली. वीस मिनिटांत उत्तर आलं : '७७७ करून बघा.'

वेबसाइटचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा कधी ना कधी ऐकलेला असतो. त्यामागचा हिशोब सोपा आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. ६४४ म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. ७७७ म्हणजे कोणीही काहीही करावं. किल्ली हरवली म्हणून दारच बिजागरीतून काढून ठेवण्यासारखा हा उपाय आहे, आणि तो लोकप्रिय आहे कारण बहुतेक वेळा दार खरंच उघडतं.

माझं तेही उघडलं नाही. हक्क बदलायलाही ५५०च आलं. हक्क बदलण्याचा हक्क मालकाला असतो (आणि सर्वाधिकारी 'रूट'ला). मग इतकी वर्षं ज्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं तो उजवीकडचा रकाना पाहिला. बहुतेक फाइलींपुढे वाचनालयाच्या खात्याचं नाव होतं. त्या फोटोपुढे आणि तो ज्या फोल्डरात होता त्यापुढे एकच शब्द : 'नोबडी'. मालक, कोणीच नाही.

ही थट्टा नव्हे. सर्व्हरवर जे काही घडतं ते कोणाच्या ना कोणाच्या नावावर घडतं. मी एफटीपीने आत शिरतो तेव्हा वाचनालयाच्या खात्याच्या नावाने शिरतो. ब्राउझरमधल्या फॉर्मातून फोटो चढवतो तेव्हा मात्र माझा हात तिथे पोचतच नाही. फाइल लिहितो तो वेब सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम. आमच्या तेव्हाच्या होस्टिंगवर तो 'नोबडी' या नावाने चालत असे. मुद्दामच. ना घर ना दार असा हा वापरकर्ता. उद्या कोणी सर्व्हर फोडलाच तर चोराच्या हाती एका निर्धन माणसाचे कपडे लागावेत, हा हेतू. आणि फाइल ज्याने तयार केली त्याची. आपल्याकडे कसेल त्याची जमीन म्हणायचे, इथे करेल त्याची फाइल. मी एकटाच माणूस, पण यंत्राच्या लेखी आम्ही दोघे होतो, आणि दुसऱ्याने बांधलेलं पहिल्याला पाडता येत नव्हतं.

पण या नोबडीला वाचनालयाच्या आवारात फोल्डर बांधू दिला कोणी? तर त्या मुलाने पहिल्याच दिवशी फोटोंच्या मुख्य फोल्डरला ७७७ लावलं होतं. म्हणजे जो उपाय मला आता सुचवला जात होता, तोच दुखण्याचं मूळ होता.

सातबारा वाचायची सवय असलेल्याला हे चटकन कळेल. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. जमीन कोणाची आणि पेरतं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आपल्या महसूल खात्याला पक्कं ठाऊक आहे. वेबसाइटच्या बाबतीत आपण फक्त बारा बघतो. काय करता येतंय, काय येत नाही, एवढंच. नमुना सात काढून बघायचं सुचतच नाही.

फोल्डरवरचा 'चालवण्याचा' एक हा तर सरळ वहिवाटीचा हक्क आहे. फोल्डर काही प्रोग्रॅम नव्हे, तो चालवायचा कसा? तिथे त्या एकचा अर्थ, यातून पलीकडे जाता येईल. वाचण्याचा हक्क नसून वहिवाट असेल, तर आत काय काय आहे हे बघता येत नाही, पण नाव ठाऊक असलेल्या वस्तूपर्यंत जाता येतं. खातेदाराच्या घरच्या फोल्डरला ७११ ठेवतात ते यासाठी. आणि शेवटच्या फाइलपर्यंतच्या वाटेवर एका जरी बांधावर वहिवाट नसली, तर फाइल कितीही मोकळी असो, वाचकाला ४०३, म्हणजे 'मनाई', दिसतं. उत्साहाच्या भरात सगळ्या साइटला सरसकट ६४४ लावून वहिवाटी बुजवणारे मी पाहिले आहेत. एकदा मीही बुजवली आहे.

याहून गमतीची गोष्ट पुसण्याची. फाइलला ४४४ लावलं, कोणीच लिहायचं नाही असं ठरवलं, तरी ती पुसता येते. कारण फाइलचं नाव फाइलीत नसतं, फोल्डरच्या वहीत असतं. ज्याला वहीत लिहिता येतं त्याला नावावर काट मारता येते. घराला कुलूप घातलं म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद सुरक्षित राहत नाही, तसंच.

'इतर' या शब्दानेही पुष्कळांची फसगत होते. इतर म्हणजे साइट वाचणारे लोक, असं वाटतं. तसं नाही. वाचक सर्व्हरच्या मार्फत येतो. इतर म्हणजे त्याच यंत्रावरचे बाकीचे वापरकर्ते. स्वस्तातल्या होस्टिंगवर एका यंत्रात कितीतरी साइटी दाटीवाटीने राहतात, आणि त्या काळी त्या सगळ्यांच्या वतीने लिहिणारा नोबडी एकच असायचा. आमचं ७७७ हे वाचकांसाठी नव्हे, भिंतीपलीकडच्या अनोळखी बिऱ्हाडांसाठी उघडं होतं. त्या रात्री फोटोंच्या गर्दीत मला एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, सापडली. आमच्यापैकी कोणीच ती चढवलेली नव्हती.

हे हक्क युनिक्स या संगणकप्रणालीतले; ते आणि एफटीपी एकाच वर्षाची लेकरं म्हणायला हरकत नाही. बेल लॅब्जमधलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं. त्यात मालक आणि इतर एवढेच दोन वर्ग होते, गट नंतर आला. त्याच वर्षी १६ एप्रिलला एमआयटीतल्या अभय भूषण यांनी फाइल पाठवण्याच्या या पद्धतीचा पहिला मसुदा मांडला. ते अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. यंत्रं मोजकी, माणसं ओळखीची. म्हणून पासवर्ड उघडाच पाठवायचा, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आजही साध्या एफटीपीत तो पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जातो. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी सगळं कुलूपबंद पाठवणारं एसएसएच लिहिलं; एसएफटीपी त्याच घराण्यातलं. क्रोम आणि फायरफॉक्सनी २०२१मध्ये एफटीपीला रामराम ठोकला.

पण त्या ओळखीपाळखीच्या काळाची एक खूण अजून छळते. लॉगिन होतं आणि फोल्डरची यादीच येत नाही, असं होतं ते बहुतेकदा परवानगीमुळे नव्हे. एफटीपी हुकूम एका जोडणीने देतं आणि माल दुसऱ्या जोडणीने आणतं. जुन्या पद्धतीत वाण्याचा पोऱ्या सामान घेऊन आपल्या दारी यायचा. आता सोसायटीचा वॉचमन, म्हणजे घरातला राउटर, त्याला फाटकावरच अडवतो. म्हणून पॅसिव्ह मोड निवडायचा आणि पिशवी घेऊन आपणच दुकानात जायचं.

तर तो फोटो. चार ओळींची पीएचपी फाइल लिहिली, एफटीपीने चढवली आणि ब्राउझरमध्ये उघडली. ती चालवली वेब सर्व्हरने, म्हणजे नोबडीने. नोबडीची वस्तू नोबडीच्याच हातून काढून घेतली आणि ती चार ओळींची फाइल लगोलग पुसून टाकली. हल्ली बहुतेक ठिकाणी पीएचपी खातेदाराच्याच नावाने चालतं, त्यामुळे हा दुभंग उरलेला नाही. काही सर्व्हर तर ७७७ लावलेली पीएचपी फाइल चालवायलाच नकार देतात आणि ५०० या चुकीचं पान दाखवतात.

सकाळी कार्यवाहांना म्हटलं, एवीतेवी साफसफाई चालूच आहे, तर जुना पासवर्डही बदलून घेऊ. त्यासाठी होस्टिंगच्या मूळ खात्यात शिरावं लागतं, आणि ते खातं साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर निघालं. डोमेनही त्याच्याच नावावर. दर वर्षी पैसे वाचनालय भरत होतं. कोणाच्या नावाने भरतोय हे कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तो मुलगा आता बंगळुरूला असतो. फोनवर छान बोलला, लगेच करून देतो म्हणाला. पाच मिनिटांनी त्याचाच उलट फोन आला.

"काका, एक घोळ आहे. पासवर्ड बदलायची लिंक माझ्या कॉलेजच्या ईमेलवर जातेय, आणि तो ईमेल कॉलेजने केव्हाच बंद केलाय."