परस्पर ओळख : एक विसरलेले कर्तव्य





आपल्या बैठकींतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. इस्लामविषयी लोकांना काहीच माहिती नाही. तलाक, पडदा आणि जिहाद या तीन शब्दांपलीकडे त्यांना आपला धर्म ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे तेही ऐकीव व विपर्यस्त आहे. ही तक्रार खोटी नाही. परंतु आज आपणांस एक उलट प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो मी प्रथम स्वतःलाच विचारला आहे. आपल्या शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपणांस काय ठाऊक आहे?

एका बौद्ध सहकाऱ्याच्या शेजारी बसून मी अकरा वर्षे नोकरी केली. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली होती. एके दिवशी मी सहज विचारले, “तुम्ही बुद्धाकडे काय मागता?” ते शांतपणे म्हणाले, “मागत काही नाही. बुद्ध मार्ग दाखविणारे आहेत, वर देणारे नव्हेत. आम्ही त्रिशरण आणि पंचशील म्हणतो.” मग त्यांनी पाच शीले सांगितली : हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहणे. मी खजील झालो. त्यांच्या घरचा डबा मला ठाऊक होता, मुलांच्या शाळा ठाऊक होत्या. परंतु ज्या गोष्टीवर त्यांचे जीवन उभे होते, ती मला ठाऊक नव्हती. एवढेच नव्हे, तर त्या अकरा वर्षांत माझ्या मुलांना मी बौद्ध धर्माविषयी जे काही सांगितले होते, त्यातील बरेचसे चुकीचे होते.

येथे प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा उरत नाही. तो साक्षीचा होतो. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे व अंतःकरण या साऱ्यांचा जाब विचारला जाईल, अशी शिकवण दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. एखाद्या समाजाविषयीचे वैर आपणांस अन्यायास प्रवृत्त करू नये, असे सूरह माइदाह बजावते. न्यायाची ही आज्ञा न्यायालयापुरती आहे काय? “ते लोक असे मानतात” हे वाक्य उच्चारताच आपण त्यांच्याविषयी साक्ष देत असतो. ती साक्ष ऐकीव असेल, तर उद्या अल्लाहच्या समोर आपण काय उत्तर देणार?

सूरह हुजुरातमधील तीन लागोपाठच्या आयतींचा क्रम पाहा. पहिलीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. दुसरीत संशय, हेरगिरी व पाठीमागील निंदा यांपासून रोखले आहे. या दोन्ही आयतींत संबोधन श्रद्धावंतांना आहे. तिसरीत मात्र संबोधन एकदम व्यापक होते. तेथे सर्व मानवजातीला सांगितले आहे की, तुमची वंशांत व जमातींत विभागणी झाली ती परस्परांना ओळखण्यासाठी. थट्टा, संशय आणि निंदा ही अज्ञानाचीच अपत्ये होत. ओळख हा त्यांवरील उपाय आहे, आणि तो सांगणारा साक्षात निर्माता आहे.

आता कोणी शंका घेईल की, इतरांचे धर्म जाणून घेतल्याने आपला ईमान डळमळणार नाही काय? ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले पाहिजे. कुरआन स्वतःच यहुदी, ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक यांचे दावे मांडतो व मग त्यांना उत्तर देतो. आदरणीय पैगंबर (स.) यांनी माननीय जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले, आणि त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली, असे तिर्मिजीच्या हदीससंग्रहात नमूद आहे. दुसऱ्यांचे म्हणणे त्यांच्याच अक्षरांत वाचता यावे, ही व्यवस्था मदीनेत होती. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाने मस्जिदे नबवीत आपल्या पद्धतीने प्रार्थना केल्याची नोंद सीरतग्रंथांत आहे. त्या भेटीत मतभेद झाकले गेले नाहीत, माननीय ईसा (अ.) यांच्याविषयी स्पष्ट चर्चा झाली. म्हणजे जाणणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. ज्याची तौहीदवरील श्रद्धा समजून-उमजून आहे, त्याला शेजाऱ्याच्या ग्रंथाचे भय वाटण्याचे कारण नाही.

आपल्या पूर्वजांनी हे कर्तव्य कसे पार पाडले, ते अल्-बेरुनी यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचा जन्म ९७३ सालचा. सुलतान महमूदच्या काळात ते गझनीत होते, म्हणजे भारताकडे शत्रुत्वाने पाहिले जात होते त्या दरबारात. तरीही ते संस्कृत शिकले, पंडितांपाशी बसले, पतंजलींचा योगविषयक ग्रंथ त्यांनी अरबीत आणला आणि सुमारे १०३० साली भारतावरील आपला थोर ग्रंथ पूर्ण केला. त्या स्वाऱ्यांनी या देशाची जी हानी केली, तीही त्यांनी नोंदविली. हा वादाचा ग्रंथ नव्हे, हिंदूंचे म्हणणे जसे आहे तसे येथे ठेवीत आहे, अशी भूमिका त्यांनी आरंभीच घेतली. त्यांनी टीका केली नाही असे नव्हे. परंतु टीकेपूर्वी त्यांनी ऐकून घेतले. पुढे बाराव्या शतकात शहरस्तानी यांनी विविध धर्म व पंथ यांवर स्वतंत्र ग्रंथ रचला. ही आपली परंपरा आहे.

त्यांच्या रीतीतून तीन नियम घेता येतात. पहिला : कोणत्याही धर्माविषयी त्याच्या अनुयायाच्या तोंडून ऐकावे, त्याच्या विरोधकाच्या नव्हे. पारशी बांधवांस विचाराल तर ते सांगतील की अहुरमझ्द हाच त्यांचा ईश्वर आहे, आणि अग्नी हे त्याच्या प्रकाशाचे व पावित्र्याचे प्रतीक आहे. दुसरा : ग्रंथाची तुलना ग्रंथाशी व आचरणाची आचरणाशी करावी. आपला कुरआन आणि दुसऱ्याच्या गल्लीतील गैरप्रकार यांची तुलना करणे हा अन्याय आहे. असेच कोणी आपल्याशी केले म्हणजे आपणांस दुःख होते. अल्-बेरुनी यांनीही सुशिक्षितांची श्रद्धा व सामान्यांची समजूत यांत भेद केला होता आणि तो सर्वच समाजांत आढळतो असे म्हटले होते. तिसरा : भेद पुसू नयेत. “सर्व धर्म एकच” असे म्हणून मोकळे होणे हाही न वाचण्याचाच एक प्रकार आहे. जैन धर्म सृष्टीचा कर्ता मानीत नाही आणि आपण एकमेव कर्त्यासमोर सजदा करतो. हा भेद खरा आहे, आणि तो ठाऊक असूनही शेजारधर्म पाळता येतो, हे आपण दाखवून द्यावयाचे आहे.

महाराष्ट्राच्या भूमीत तर ही ओळख दाराशीच उभी आहे. कोकणातील बेने इस्राईल तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. ते आपल्या प्रार्थनागृहास मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनागृह जुनी मशीद म्हणून ओळखले जाते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या मराठी संत नामदेवांची पदे आहेत आणि शेख फरीद यांचीही वाणी आहे. नांदेडच्या रस्त्याने आपण कितीदा गेलो असू. हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक होते?

आणखी एक गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. विनोबा भावे यांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला व ‘कुराण-सार’ संकलित केले. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत असू असे नाही. परंतु त्यांनी श्रम घेतले. त्या श्रमांची परतफेड आपल्याकडून झाली आहे काय?

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. या महिन्यात आपल्या ओळखीच्या एका बिगरमुस्लिम व्यक्तीला विचारा की, तुमच्या श्रद्धेतील कोणती गोष्ट तुम्हांस सर्वांत मोलाची वाटते? उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका, त्याच क्षणी उत्तर देऊ नका, मनात खंडन जुळवीत बसू नका. घरी येऊन ते आपल्या मुलांना त्याच शब्दांत सांगा. त्यानंतर त्यांनी आपल्याला विचारले, तर आपलाही दीन सौम्यपणे व स्पष्टपणे सांगा. ज्याला आपण नीट ऐकून घेतले, तोच आपले नीट ऐकून घेतो. इतरांच्या पूज्यांना अपशब्द बोलू नका, अन्यथा ते अज्ञानाने अल्लाहला अपशब्द बोलतील, या अर्थाची सूरह अन्आममधील ताकीद नेहमी ध्यानी ठेवा.

माझे ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. माझ्या मुलांना मी पूर्वी सांगितलेले सारे पुन्हा बसवून दुरुस्त केले. वडिलांना आपली चूक मुलांसमोर कबूल करताना संकोच वाटतो. परंतु खोटी साक्ष घेऊन कयामतच्या दिवशी उभे राहण्यापेक्षा तो संकोच पुष्कळ हलका आहे.

अल्लाह आपणां सर्वांना न्यायाने पाहण्याची, सत्य जाणून बोलण्याची आणि आपल्या दीनवर दृढ राहून शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.