परतवारी

श्रींचे दर्शन झाले, प्रसाद हाती आला आणि पावले महाद्वाराबाहेर पडली, की 'यात्रा पूर्ण झाली' असे आपण म्हणतो. कोणी एस.टी.ने, कोणी स्वतःच्या वाहनाने, तर कोणी अनेक दिवस पायी चालून येथवर आलेल्या भाविकांच्या मनाला लाभणारे हे समाधान रास्तच आहे. तथापि याच क्षणी एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. वाटेवर असताना आपण जसे वागलो, तसे घरी परतल्यावर वागणार आहोत काय? आणि वागणार नसू, तर यात्रेने आपल्याला नेमके काय दिले?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वाटेवरचा मनुष्य आणि घरातला मनुष्य यांत पडणारे अंतर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वारीत अनोळखी माणसाला 'माउली' म्हणून त्याच्या पायांवर मस्तक ठेवणारा गृहस्थ घरी वृद्ध आईच्या हाकेला चटकन ओ देत नाही. मुक्कामावर मिळेल ती भाजीभाकरी गोड मानून घेणारा घरच्या आमटीत मीठ कमी पडले की ताट बाजूला सारतो. मनुष्य तोच, त्याची श्रद्धाही तीच. मग हा पालट का होतो?

वाट काय शिकवते?

'तीर्थ' हा शब्द तरून जाणे, पार होणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. नदीला जेथे उतार असतो आणि जेथून पायी पलीकडे जाता येते, ते मूळचे तीर्थ. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच चालणारा मनुष्य आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर वाहनाने काही तासांत कापता येते. पालखीबरोबर चालणाऱ्यास त्यासाठी अडीच आठवडे लागतात. या अडीच आठवड्यांत तो दिवेघाटाचा चढ आपल्या गुडघ्यांनी मोजतो, पाऊस अंगावर घेतो, आणि कोणत्या गावाने पाणी दिले हे त्याच्या कायमचे स्मरणात राहते.

वारी हा समुदायाचा मार्ग झाला. एकट्यादुकट्याने, स्वतःच्या बळावर करावयाच्या पदयात्रेचे उत्तम उदाहरण म्हणजे नर्मदा परिक्रमा. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीला उजव्या हाताला ठेवून तिचे दोन्ही तीर चालावयाचे, मध्ये पात्र ओलांडावयाचे नाही, आणि चातुर्मासात एके ठिकाणी थांबावयाचे, असा तिचा नियम. परंपरेने तिचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस मानला आहे. परिक्रमावासी शक्य तितके कमी सामान घेतो, कारण जे घेतले ते स्वतःच्याच खांद्यावर वाहावे लागते. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत उरलेसुरलेही लुटले जाई. तरीही यात्रेकरू पुढे चालत. सायंकाळी कोठे पोहोचू, कोण आसरा देईल, हे सकाळी ठाऊक नसते. तीरावरची साधी माणसे 'नर्मदे हर' म्हणून त्याचे स्वागत करतात आणि सदाव्रताचा शिधा त्याच्या पदरात घालतात.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. वाटेवर आपल्यापाशी सामान कमी असते, अधिकार काहीच नसतो, आणि गरज मात्र असते. ज्याला पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते, त्याचा स्वर आपोआप मवाळ होतो. ज्याला उद्या हे गाव सोडावयाचे आहे, तो त्या गावातील कशावरही मालकी सांगत नाही. घरी येताच आपण पुन्हा मालक होतो. 'माझे घर, माझी माणसे, माझ्या मनासारखे' हे तीन शब्द ओठांवर आले, की वाटेवर लाभलेली नम्रता विरून जाते.

नुसते चालणे पुरेसे आहे काय?

यावर कोणी म्हणेल, की मग सतत चालतच राहावे. भ्रमंतीचा गौरव आपल्या प्राचीन वाङ्मयात आहेच. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्रपुत्र रोहिताला इंद्र उपदेश करतो, की थांबू नकोस, चालत राहा. चालणाऱ्यालाच श्री लाभते. हा उपदेश आज अनेक ठिकाणी उद्धृत केला जातो. परंतु तो ज्या कथेत येतो, ती कथा क्वचितच सांगितली जाते. आपल्या पुत्राला यज्ञात अर्पण करण्याचे वचन हरिश्चंद्राने वरुणाला दिले होते. ते कळताच रोहित अरण्यात निघून गेला. वचनभंगामुळे वरुणाने हरिश्चंद्राला पीडिले आणि त्याला जलोदर झाला. ती वार्ता ऐकून रोहित घराकडे वळतो, तेव्हा इंद्र त्याला वाटेत गाठतो आणि पुन्हा अरण्याकडे पाठवितो. असे वर्षामागून वर्ष घडते. अखेरीस सहाव्या वर्षी रोहित परततो, तो भुकेने गांजलेल्या अजीगर्ताचा मुलगा शुनःशेप शंभर गाई देऊन विकत घेऊनच. आपल्या जागी त्याचा बळी देता यावा म्हणून.

चालण्याची एवढी थोर स्तुती ज्याने ऐकली, त्याचा पिता इकडे व्याधीने तळमळत होता, आणि इतकी वर्षे भटकूनही दुसऱ्याच्या मुलाचे प्राण त्याला आपल्या मुक्ततेचे मोल वाटले. रोहिताचे भय खरे होते. मरणाच्या भीतीने पळणाऱ्या मुलाला दोष देणे सोपे नाही. परंतु एवढे मात्र या कथेतून दिसते, की पाय चालले म्हणजे मन चाललेच असे नाही. प्रवास माणसाला मोठे करू शकतो, तसाच तो कर्तव्यापासून दूर राहण्याचे एक सन्मान्य निमित्तही होऊ शकतो. आजारी माणसाला घरी एकटे ठेवून केलेली यात्रा आणि त्याची नीट व्यवस्था लावून केलेली यात्रा यांचे अंतर सारखे असले, तरी मोल सारखे नाही.

परतीची वाट

वारकरी परंपरेत या प्रश्नाचे उत्तर एका प्रथेच्या रूपाने जपलेले आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. हीच परतवारी. जाताना लाखोंचा समुदाय असतो. रस्त्याच्या दुतर्फा दर्शनाला गर्दी लोटते, गावोगावी पंगती उठतात. परतताना बहुतेक लोक वाहनांनी घरोघरी गेलेले असतात. मोजके वारकरी पालखीबरोबर चालतात, मजला मोठ्या असतात, मुक्काम थोडे, आणि वाटेवर पाहणारेही फारसे कोणी नसते. तरीही अभंग तेच आणि चाल तीच.

जाताना डोळ्यांपुढे विठ्ठल असतो. परतताना डोळ्यांपुढे शेत, संसार आणि राहिलेली कामे असतात. त्यांच्याकडे त्याच भावाने चालत जाणे, हा परतवारीचा अर्थ आपल्याला घेता येईल. कळसाच्या दिशेने चालताना मन शांत राहणे स्वाभाविक आहे. स्वतःच्या उंबरठ्याच्या दिशेने चालताना ते तसेच राहिले, तर यात्रा फळली.

पाहुणा, परंतु बेफिकीर नव्हे

'घरातही प्रवाशासारखे राहावे' या वचनाचा विपरीत अर्थही काढला जातो. आपण येथे चार दिवसांचे पाहुणे, मग काळजी कशाची, असे म्हणून जबाबदारी झटकणारेही आढळतात. धर्मशाळेत उष्टे, कागद, बाटल्या टाकून निघून जाणारा यात्रेकरूही याच विचाराचा असतो. त्याला मालकी नको असते, तशी आस्थाही नको असते.

याउलट गाडगे महाराजांचे उदाहरण पाहावे. १९०५ साली घर सोडल्यापासून १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते गावोगाव फिरत राहिले. हाती खराटा आणि गाडगे, एवढाच संसार. गावात शिरताच ते रस्ते झाडावयास लागत आणि सायंकाळी कीर्तन करीत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. ज्या गावात राहावयाचे नव्हते ते गावही त्यांनी आपले मानून झाडले. प्रवासी वृत्ती ती हीच: मालकी सोडावी, आस्था सोडू नये.

दात्यांनाही येथे एक विचार करता येईल. अन्नछत्रास किंवा भक्तनिवासास देणगी देणारा, ज्याचे मुखही तो कधी पाहणार नाही अशा वाटसरूसाठी देतो. हे दान थोर आहे. परंतु अनोळखी माणसाला अन्न देणारा हात घरातील माणसाला वेळ देताना आखडता होऊ नये. मालकी सोडण्याची खरी कसोटी तेथेच लागते.

भाविकहो, परतल्यावर फार मोठे व्रत घेण्याची आवश्यकता नाही. जवळच्या कामाला वाहन न काढता चालत जावे. ज्या गल्लीतून वर्षानुवर्षे गाडीने गेलो, तिथली माणसे प्रथमच दिसतील. वाटेवर किती थोड्या वस्तूंवर आपले भागले, ते आठवून घरातील अडगळ कोणा गरजूच्या उपयोगी पडेल काय, ते पाहावे. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी पारंपरिक व्युत्पत्ती आहे. आयुष्यातील पुष्कळ प्रसंग आणि माणसे अशीच न सांगता येतात, त्यांना दारातून परतवू नये. आणि दिवसातून एकदा तरी घरातील कोणा एकाला, मनातल्या मनात का होईना, 'माउली' म्हणावे. वाटेवर ते सहज जमले होते. घरीही ते जमेल.

आपला परतीचा प्रवास सुखरूप होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.