दुधाळ पाणी

आजच्या पाठात ईशावास्याचा पहिला मंत्र आला. हे सगळं ईश्वराचं, दुसऱ्याच्या धनाचा लोभ नको. आणि समोर माझी टाकी! रात्रीतून पाणी दुधाळ, प्रवाळ आक्रसलेले. हात औषधाच्या बाटलीकडे गेला, पण थांबलो. आधी अमोनिया तपासला, तो वाढलेला. दगडामागे मेलेली गोगलगाय सापडली. ती काढली, खाणं थांबवलं, हवा वाढवली, तेवढंच खारट केलेलं आरओचं पाणी घालून २० टक्के बदललं. संध्याकाळी पाणी निवळू लागलं. मन नाही निवळलं. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत जागा आहे, हे मला विकत घेतल्यावर कळलं. नाशिकमध्ये, समुद्रापासून एवढ्या लांब, मी त्यांना 'माझे' म्हणतो! परत समुद्रात सोडावे, तर टाकीतला रोग तिकडे जायची भीती. उद्या वनविभागात जाऊन खरं ते सांगायचंय. आत्ता पुन्हा अमोनिया बघतो.