देवाने नणंदेचं रूप का घेतलं?



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातलं, श्लोक अठरावा. भगवंत इथे आपली ओळख एकेका शब्दात सांगत जातात. गती, भर्ता, प्रभू, साक्षी, निवास, शरण. आणि मग शब्द येतो, सुहृद. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ थोडक्यात दिलाय: परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा.

या एका शब्दावर मी दोन दिवस अडकले आहे. देवाला आपण माउली म्हणतो, बाप म्हणतो, सखा म्हणतो. जनाबाईंबरोबर तो दळायला बसला, हे तर लहानपणापासून ऐकलंय. पण एका बाईच्या जिवाभावाच्या बाईचंच रूप घेऊन देव आला, अशी गोष्ट मला एकच माहीत आहे. आणि तिचा धागा माझ्या बुलढाणा जिल्ह्यापर्यंत येतो.

ही गोष्ट सोयराबाई आणि निर्मळाबाईंची.

सोयराबाई म्हणजे संत चोखोबांची बायको. निर्मळाबाई म्हणजे चोखोबांची धाकटी बहीण. निर्मळेचं लग्न झालं बंकोबांशी, आणि परंपरा सांगते की बंकोबा हे सोयरेचे भाऊ. म्हणजे साटंलोटं. दोघी एकमेकींच्या नणंदा आणि एकमेकींच्या भावजया. आपल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये नणंद-भावजयीचं काय काय चालतं ते सांगायला नको! या दोघींच्या बाबतीत मात्र त्या नात्याला वेगळाच रंग चढला. दोघींनी विठ्ठलाचं नाव घेतलं, दोघींनी अभंग रचले. सोयराबाईंचे साठेक अभंग आज आपल्यापर्यंत पोचलेत, निर्मळाबाईंचे दोन डझनांच्या आसपास. सातशे वर्षांपूर्वी, गावकुसाबाहेरच्या एकाच घरातल्या या दोन बायका. किशोरीताई आमोणकरांनी गायलेला, सगळे रंग एक होऊन जाण्याचा तो अभंग तुमच्या प्लेलिस्टमध्ये नक्की असेल. तो सोयराबाईंचा.

चोखोबांचा संसार मंगळवेढ्याला. निर्मळेचं सासर मेहुणपुरीला. ही मेहुणपुरी म्हणजे देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा, असं आमच्या भागात मानतात. चोखोबांचा जन्मही तिथलाच सांगतात. आज गाडीने निघालात तरी मंगळवेढा तिथून तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. त्या काळी पायी. म्हणजे एकदा निरोप घेतला की पुन्हा भेट कधी, ते पांडुरंगालाच ठाऊक.

आता गोष्ट. सोयराबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं. मग दिवस राहिले. बाळंतपण जवळ आलं आणि चोखोबा बहिणीच्या गावी गेले. गेले ते तिथेच भजनात रमले. बायकोला अशा वेळी एकटं सोडून आलास कसा, म्हणून निर्मळेने भावाला बोल लावला, असं सांगतात. इकडे सोयरेला कळा सुरू झाल्या. घरात कुणी नाही. तिने विठ्ठलाचा धावा केला. आणि दार उघडून आत आली ती निर्मळा! तिने पाणी तापवलं, बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीचं सगळं केलं. मुलगा झाला, तोच कर्ममेळा, पुढे त्यानेही अभंग लिहिले. चोखोबा घरी परतले तेव्हा सोयरेने सांगितलं, वन्सं आल्या होत्या, सगळं त्यांनीच केलं. आणि चोखोबांना उलगडा झाला. निर्मळा तर तिकडे होती. मग इथे आलेली कोण?

कीर्तनात ही गोष्ट इथे संपते. टाळ्या होतात, विठ्ठल विठ्ठल होतं. तेही योग्यच. ज्या काळात बाळंतिणीच्या खोलीला सोयेर, विटाळ म्हणून सगळे लांब राहायचे, त्या काळात, ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती त्यांच्या झोपडीत, त्याच खोलीत देव कंबर कसून उभा राहिला. विटाळाशिवाय जन्माला आलेला देह दाखवा, असं सोयराबाई आपल्या अभंगात विचारतात. तो प्रश्न विचारायचा हक्क त्यांना कुठून मिळाला, ते या गोष्टीतून कळतं.

पण मला मागची चार वर्षं या गोष्टीतली तिसरी बाई सोडत नाही. खरी निर्मळा. जी तिथे नव्हती ती.

कारण मीही तिथे नव्हते.

माझी एक मैत्रीण आहे. तिसरीपासूनची. एका बाकावर बसलो, एका एसटीने शाळेत गेलो, एका डब्यात जेवलो. तिच्या डब्यातला ठेचा मी संपवायचे आणि माझ्या डब्यातली साखर-पोळी ती. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले, मग पुण्यात नोकरी. तिचं लग्न जिल्ह्यातच झालं. तिची आई लवकर गेली होती. म्हणून दिवस राहिल्यावर ती मला म्हणाली, "चिमे, माझ्या बाळंतपणाला तू पाहिजेस. माय नाही, तू तरी ये." मी म्हटलं, येणार म्हणजे येणार. सुट्टीची तारीखसुद्धा टाकून ठेवली.

बाळ पंधरा दिवस आधी यायला निघालं. त्या रात्री आमचं मोठं रिलीज होतं. मी फोन सायलेंटवर टाकून लॅपटॉपसमोर बसले होते. पहाटे चारला सगळं हिरवं झालं, टीमने एकमेकांना शाबासकी दिली, आणि मी फोन उलटा करून पाहिला. अकरा मिस्ड कॉल.

बाळ-बाळंतीण सुखरूप होते. पण रात्र वाईट गेली होती. नवरा बाहेर बसलेला, आत पुरुषांना सोडत नव्हते. सासूबाई गावाहून निघाल्या होत्या, पोचल्या सकाळी. रात्रभर तिचा हात धरून बसली ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सासू. ना ओळख ना पाळख. कळा वाढल्या तेव्हा माझी मैत्रीण भानावर नव्हती. ती त्या बाईला "चिमे, चिमे" म्हणून हाक मारत होती. आणि त्या माउलीने एकदाही सांगितलं नाही की मी चिमी नव्हे. प्रत्येक हाकेला ती म्हणत होती, "हो बाई, इथंच हाय मी."

हे मला माझ्या मैत्रिणीनेच नंतर सांगितलं. पण खूप नंतर. कारण मी तिला भेटायला गेलेच नाही. आधी म्हटलं शनिवारी जाऊ. मग म्हटलं बारशाला जाऊ. बारशालाही पार्सलने झबली-टोपडी पाठवली. खरं कारण एकच. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. असे तीन महिने गेले.

आता प्रश्न असा. देव जर आपली जागा भरून काढतो, तर आपण न गेल्याने नेमकं काय बिघडलं? बाळंतपण तर पार पडलं. सोयरेचंही आणि माझ्या मैत्रिणीचंही.

आमच्या कामात याला फेलओव्हर म्हणतात. एक सर्व्हर पडला की दुसरा त्याच्याच नावाने, त्याच्याच पत्त्यावर उत्तर द्यायला लागतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. या गोष्टीचा पहिला अर्थ मी असाच लावला होता. विठ्ठल आहे ना मागे उभा! आपण नसलो तरी काम अडत नाही. या विचाराने बरं वाटतं, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. 'मी नसले तरी चालतं' हे कर्तेपणा सोडताना म्हटलं तर ती भक्ती असते. हेच वाक्य दिलेला शब्द मोडताना म्हटलं की ती निव्वळ पळवाट होते. शब्द तेच असतात, म्हणून स्वतःला फसवणं फार सोपं जातं.

दुसरं टोक म्हणजे मी तीन महिने केलं ते. मी नालायक, मी कसली मैत्रीण, आता कुठल्या तोंडाने जाऊ. हे दिसायला नम्र दिसतं. पण नीट पाहिलं तर त्यात सगळीकडे मीच आहे. ती कशी आहे, तिला झोप मिळते का, टाके दुखतात का, बाळ दूध पितं का, यातलं काहीच त्यात नाही. अपराधीपणाही फार दिवस कुरवाळला की तो अहंकाराचाच चुलतभाऊ होतो.

मग निर्मळेकडे पाहू या. विठ्ठलाला कोणतंही रूप घेता आलं असतं. तो चोखोबा होऊन येऊ शकला असता. एखादी अनुभवी सुईण होऊन आला असता. कंबरेवर हात ठेवलेला, स्वतःच्या खऱ्या रूपात आला असता, तर सोयरेला दर्शनही घडलं असतं. तरी त्याने निर्मळाच का निवडली?

मला वाटतं, कारण त्या घटकेला सोयरेला दर्शन नको होतं. तिला असं कुणीतरी हवं होतं, जिच्यासमोर ओरडायला, रडायला, उघडं पडायला लाज वाटणार नाही. असा माणूस एका रात्रीत घडत नसतो. तो वर्षानुवर्षांच्या सहवासातून घडतो. एकत्र सारवलेली जमीन, एकत्र घेतलेलं नाम, सुखदुःखाच्या सांगितलेल्या हजार गोष्टी. देव सर्वशक्तिमान खरा, पण सोयरेच्या मनातला तो विश्वास त्याने नव्याने तयार केला नाही. तो निर्मळेने आधीच कमावून ठेवला होता. देवाने तो उसना घेतला.

म्हणजे त्या रात्री निर्मळा तिथे नव्हती, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की तिच्याशिवाय देवाला आत यायला दार नव्हतं.

आणि इथेच माझी फेलओव्हरची उपमा मोडते. वापरणाऱ्याला कुठल्या सर्व्हरने उत्तर दिलं याच्याशी देणंघेणं नसतं. सोयरेला होतं. माझ्या मैत्रिणीलाही होतं. तिने हाक मारली ती 'कुणीतरी या' अशी मारली नाही. नाव घेऊन मारली. त्या अनोळखी बाईला हे कळलं, म्हणून तिने माझं नाव स्वतःवर घेतलं. म्हणजे माझं नाव तिथे कामाला आलं, मी आले नाही. ही मला माफी वाटत नाही. हे कर्ज आहे. देवाने माझं रूप वापरलं असेल तर ते रूप यापुढे खोटं पडू न देणं, हे माझं काम. पडलेला सर्व्हरसुद्धा दुरुस्त करून परत जागेवर आणावाच लागतो, दुसऱ्याने निभावलं म्हणून त्याला तसाच टाकून देत नाहीत.

शेवटी मी गेले. चौथ्या महिन्यात. पहाटेची गाडी पकडून, काहीही न कळवता. तिने दार उघडलं, बाळ कडेवर. मी उंबऱ्यातच रडायला लागले. ती म्हणाली, "अवं, तू काहून रडून राहिली? बाळाला घे आधी, माझा हात दुखून राहिला सकाळपासून." मग दुपारी, बाळ झोपल्यावर, तिने त्या रात्रीची गोष्ट सांगितली. 'चिमे'ची. सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ती बाई लई चांगली होती. पण तू यायला पाहिजे होतं."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी त्यातलं एकही पुसायला जात नाही. पहिल्या वाक्यासाठी मी पांडुरंगाचे पाय धरते. दुसऱ्या वाक्यासाठी दर दोन महिन्यांनी गावाकडची गाडी धरते. मागच्या वर्षी तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मी होते. त्याने ती रात्र भरून निघाली नाही. ती निघणारही नाही. पण बाकड्यावर बसल्याबसल्या शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींना चहा आणून दिला, त्यांचा फॉर्म भरून दिला. त्यांनी मला दोनदा त्यांच्या लेकीच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

सुहृद शब्दाचा अर्थ मला आत्ता कुठे थोडा कळायला लागलाय. परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा तो देव, आणि त्याच्या उपकाराची परतफेड त्याला करता येत नाही, म्हणून ती पुढच्या माणसाला करायची.

तुमच्याही मनात आत्ता एक नाव आलं असेल. जिच्याकडे जायचं राहून गेलंय, आणि आता फार उशीर झालाय असं वाटतंय. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की तिला फोन लावा. कारणं सांगत बसू नका. आधी तिची विचारपूस करा. ती रागावली तर ऐकून घ्या. रागावायला हक्काचं माणूस लागतं.

रामकृष्णहरी!