किडीचा वाटा

गळ्यात तुळशीची माळ आणि पाठीवर फवारणीचा पंप, हे एकाच माणसाला शोभतं का? साखरा गावात कपाशीच्या ओळींतून चालताना हा प्रश्न मला छळतो. नामदेवांची नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली. भूतमात्रात विठ्ठल पाहायचा, तर मिटलेल्या फुलाची डोमकळी उकलल्यावर पाकळ्यांच्या गुंत्यात वळवळणारी ती गुलाबी बोंडअळी कोण?

मला वाट दाखवली कीटकशास्त्राने. 1959 साली कॅलिफोर्नियात व्हर्नन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीचा विचार मांडला. कीड दिसली की मार, असं नाही. नुकसान फवारणीच्या खर्चाला गाठणार असं दिसलं, तरच. गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी म्हणजे नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग, किंवा फुला-बोंडांत 10 टक्के प्रादुर्भाव. त्याखाली अळी खाते तो तिचा वाटा. तेवढ्या अळ्यांवर त्यांना खाणाऱ्या मित्रकिडीही जगतात.

हिशेब पैशाचाच आहे, मान्य. पण गरजेपुरतीच हिंसा, एवढा धर्म त्यातून पाळला जातो. न मोजता मारणं मला पाप वाटतं. माळकरी भावांनो, सापळे लावा, रोज पतंग मोजा, मगच पंपाला हात घाला.