नेमाचे जेवण आणि पुनर्विकासाचा हिशेब

२०१४ साली ग्रँट रोडचे मेरवान बंद होणार अशी बातमी पसरली आणि मावा केकसाठी रांगा लागल्या. धोबी तलावचे बस्तानी गेले, खोताच्या वाडीतले अनंताश्रम गेले. त्यांच्या नावाने हळहळणारे लेख आजही अधूनमधून वाचायला मिळतात. आता गिरगाव, दादर, लालबाग, परळ या भागांत पुनर्विकासाचे फलक जसजसे वाढत आहेत, तसतशी ही हळहळही वाढते आहे. त्या लेखांत संगमरवरी टेबले असतात, लाकडी खुर्च्या असतात, सोलकढीचा रंग असतो. त्यांना मिळणारे उत्तरही ठरलेले असते: तुमच्या आठवणींसाठी लोकांनी मोडक्या इमारतींत मरायचे का?

दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. जुनी खानावळ ही आठवणीची वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला ती जपायची असते, दुसऱ्याला त्या जपण्याची किंमत फार वाटते. हे एकमतच मला चुकीचे वाटते. खानावळ काल काय होती यापेक्षा आज दुपारी तिथे कोण जेवले, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे आणि तो या वादात कुणी विचारत नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३०हून अधिक माणसे गेली. त्यानंतर जुन्या इमारती आहेत तशा राहू द्या, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच उरलेला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या, सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या कुटुंबाला स्वतःचे न्हाणीघर मिळते आहे. त्या आनंदात मी वाटेकरी आहे.

काही उपायांची चर्चा लवकर आटोपता येते. वारसा यादीत नाव घालण्याने दगडी कमान वाचेल. थाळीचा दर त्या यादीच्या कक्षेतच येत नाही. दहा रुपयांत शिवभोजन देणारी योजना २०२०मध्ये सुरू झाली, ती मोलाची आहे. पण सरकार बदलले की सरकारी अनुदानावर चालणारे केंद्र डळमळते, हे आपण झुणका-भाकर केंद्रांच्या वेळी पाहिले आहे. मोबाइलवरून मागवलेले जेवण मुळात स्वस्तच नसते. आणि हा मराठी माणसाच्या हद्दपारीचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी माटुंग्याला जावे: १९४२ साली सुरू झालेले रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग कित्येक मराठी माणसांना पोटभर जेवू घालत आले आहे.

खरा प्रतिवाद वेगळा आहे आणि त्याच्याशीच भिडायला हवे. तो असा: विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीनुसार उपकरप्राप्त इमारतीतल्या निवासी भाडेकरूला किमान क्षेत्रफळाची हमी आहे आणि बिगरनिवासी भाडेकरूला जुन्याइतकेच क्षेत्रफळ नव्या इमारतीत मिळते. बांधकाम चालू असताना पर्यायी जागा किंवा भाडे मिळते. योजनेला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, त्यात खानावळवाल्याची सहीही असते. म्हणजे त्याचे काहीच बुडाले नाही. उलट कालपर्यंत पागडीचा भाडेकरू असलेला माणूस आज मालक झाला. नव्या गाळ्यात त्याने खानावळ चालवली नाही, तर ती त्याची मर्जी. त्यात अन्याय कुठे आहे?

हा युक्तिवाद मी अनेक समंजस माणसांकडून ऐकला आहे. नियोजन शिकवणारे, सहकारी संस्थांचे पदाधिकारी, स्वतः खानावळवाल्यांची मुलेसुद्धा हेच सांगतात. त्यातले एकही विधान खोटे नाही. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

पहिली गोष्ट काळाची. पुनर्विकासाची मुदत कागदावर तीन वर्षांची असते. प्रत्यक्षात ती किती लांबते हे संक्रमण शिबिरांत आयुष्य काढलेल्यांना विचारावे. घर पाच वर्षांनी मिळाले तरी ते घरच असते. पाच वर्षे बंद राहिलेली खानावळ मात्र पुन्हा सुरू होते तेव्हा ती फक्त नावाने तीच असते. आचारी गावी गेलेला असतो किंवा दुसऱ्याच्या भटारखान्यात रुळलेला असतो. महिन्याचे मेंबर पांगलेले असतात. मासळीवाल्या बाईशी, वाण्याशी असलेली उधारीची ओळख संपलेली असते. तिथे भांडवल असते ते माणसांच्या रोज येण्याचे, आणि ते संक्रमण शिबिरात ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट नव्या इमारतीतल्या जागेची. क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण जागेचे बाकी गुण बदलतात. पूर्वी फुटपाथवरून एक पायरी चढली की आत. आता गाळा वाहनतळाच्या उताराआड किंवा पहिल्या मजल्यावर जाऊ शकतो. धुराड्याची वाट वीस-पंचवीस मजले वर न्यावी लागते. वरच्या मजल्यांवर नव्याने घर घेतलेल्यांना तळलेल्या बांगड्याचा वास चालत नाही आणि सोसायटीच्या सभेत त्यांचे मत मोजले जाते. देखभालीचा खर्च आणि मालमत्ता कर जुन्या भाड्याच्या कितीतरी पट होतो.

पण मी यालाही निर्णायक मानत नाही. निर्णायक गोष्ट तिसरी आहे. उदाहरणादाखल हिशेब मांडू. तीनशे चौरस फुटांचा गाळा धरा आणि त्या भागातले बाजारभावाचे भाडे चौरस फुटाला महिना ३०० रुपये धरा. महिन्याचे झाले ९०,००० रुपये. खानावळीत रोज २०० थाळ्या जातात, महिन्यातून २६ दिवस. म्हणजे ५,२०० थाळ्या. भाड्याचा भार थाळीमागे साधारण १७ रुपये पडतो. हा आकडा प्राणघातक नाही. शंभराची थाळी एकशे सतराला देऊन खानावळ तगू शकेल, बरीचशी गिऱ्हाइके कुरकुरत येत राहतील. मग खानावळ का मरते?

कारण त्याच हिशेबाची दुसरी बाजू. खर्च वजा जाता थाळीमागे १५ रुपये सुटले, तर चालवणाऱ्याच्या हाती महिन्याला ७८,००० येतात. त्यासाठी त्याला पहाटे बाजारात जावे लागते, आचाऱ्याची मनधरणी करावी लागते, रात्री अकराला गल्ला मोजावा लागतो. तोच गाळा बँकेला किंवा औषधाच्या दुकानाला दिला तर घरबसल्या ९०,००० मिळतात. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय निवडावे? तो जे निवडतो त्याबद्दल त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. त्याने उभे आयुष्य चुलीपुढे काढले आहे, ही त्याची पेन्शन आहे.

इथेच प्रतिवाद करणारे थांबतात आणि म्हणतात, पाहा, तुम्हीच कबूल केलेत. मी कबूल केले ते एवढेच की मालकावर अन्याय झाला नाही. पण खानावळीचे नुकसान म्हणजे मालकाचे नुकसान, हे कुणी ठरवले? त्या गाळ्याशी रोज २०० माणसे बांधलेली होती. त्यांच्यापैकी एकाचीही सही कुठल्या कागदावर नाही, कारण त्यांच्या नावावर त्या इमारतीत एक वीटही नाही. ५१ टक्क्यांत ती नाहीत आणि उरलेल्या ४९ टक्क्यांतही नाहीत. ज्याच्याकडे हक्काची पावती आहे त्याचे पुनर्वसन करायचे, हे आपल्या व्यवस्थेचे तत्त्व आहे. घराच्या बाबतीत ते पुरते, कारण घरात राहणारा आणि हक्कदार बहुतेक वेळा एकच असतो. खानावळीत हक्कदार एक असतो आणि तिच्यावर विसंबलेले शेकडो असतात.

ही माणसे कोण आहेत? परळला टाटा रुग्णालयात रुग्ण ठेवून धर्मशाळेत राहणारे नातेवाईक. काळबादेवीच्या माड्यांवर दागिने घडवणारे कारागीर. स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून आलेली, कॉटबेसिसवर राहणारी मुले. बायको गेल्यावर एकटा राहिलेला, दोनच पोळ्या खाणारा निवृत्त कारकून. यांच्यासाठी खानावळीत वही असते, पगारापर्यंत उधारी असते आणि गावी गेल्यास खाडे धरले जातात. चार दिवस कुणी आला नाही तर गल्ल्यावरचा माणूस चौकशी करतो. या व्यवहारात धर्मादाय काही नाही. जेवणारा पूर्ण पैसे देतो आणि ताठ मानेने उठतो. आपल्या शहरात स्वाभिमानाने स्वस्त जेवण्याची सोय याहून चांगली कुणीच उभी केलेली नाही.

हा स्वस्तपणा आला कुठून, तेही पाहिले पाहिजे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीला गोठवली आणि त्यात दुकानगाळेही आले. खानावळवाल्याला जागा जवळजवळ फुकट पडली आणि स्पर्धेमुळे त्या सवलतीचा मोठा वाटा जेवणाऱ्याच्या ताटात उतरला. तो भार घरमालकाने सोसला आणि त्याचा सूड दुरुस्तीअभावी खचलेल्या इमारतीने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या गोठवणुकीला अवाजवी ठरवले, ते योग्यच होते. त्यानंतरच्या १९९९च्या कायद्याने बड्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले आणि भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ दिली. म्हणजे जुनी व्यवस्था न्याय्य होती असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की तिच्या पोटात एक सार्वजनिक सोय नकळत तयार झाली होती. पुनर्विकासाने घरमालकावरचा अन्याय दूर केला, भाडेकरूला मालक केले, विकासकाला वाढीव चटईक्षेत्र दिले. वाटपात जेवणाऱ्याचा हिस्सा तेवढा गाळला.

हे पहिल्यांदा होत नाही. गिरणगावात कामगारांच्या बायका आपल्या खोलीत एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवू घालत. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी. १९८२चा संप आला, गिरण्या गेल्या, पुढे गिरण्यांच्या जमिनीचे वाटप कसे व्हावे यावर वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले. म्हाडाचा हिस्सा किती, महापालिकेचा किती, मालकांचा किती, याचा खल झाला. त्या जमिनीच्या आधाराने चालणाऱ्या जेवणाच्या व्यवस्थेचे पुढे काय, हा मुद्दा त्या वाटपात कधी आलाच नाही.

म्हणून मी एक भेद मांडतो आणि त्यावर अडून बसायला तयार आहे. आवडीचे जेवण वेगळे आणि नेमाचे जेवण वेगळे. आवडीच्या जेवणासाठी माणूस वाट वाकडी करून येतो, चार पैसे जास्त मोजतो, फोटो काढतो. अशी ठिकाणे नव्या इमारतीतही तगतात. चकचकीत होतात, दर वाढवतात, तरी नावावर चालतात. नेमाचे जेवण जेवणाऱ्याला वाट वाकडी करायला वेळ नसतो आणि वीस रुपयांची वाढ त्याच्या महिन्याच्या हिशेबात खड्डा पाडते. पहिल्या प्रकाराला चाहते असतात, दुसऱ्याला गरजू असतात. हळहळ व्यक्त करणारे लेख पहिल्यावर लिहिले जातात, पण शहराला दुसऱ्याची गरज आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५पासून जुन्या व्यवसायांची नोंद आणि त्यांना अर्थसाहाय्य देण्याची सोय केली. तो प्रयत्न प्रामाणिक आहे, पण असे मोजमाप व्यवसायाच्या वयापासून आणि ओळखीपासून सुरू होते. आपण ते जेवणाऱ्याच्या नेमापासून सुरू करावे. सात वर्षांपूर्वी सुरू झालेली, नावाचा फलकही धड नसलेली खानावळ जर रोज दीडशे मेंबर जेवू घालत असेल, तर तिला शंभर वर्षांच्या नामांकित हॉटेलाआधी संरक्षण मिळाले पाहिजे.

हे संरक्षण मालकाच्या मानेवर जोखड ठेवून मिळणार नाही, हेही मला दिसते. त्याला त्याचा गाळा मिळू द्या, हवा तर बँकेला देऊ द्या. मात्र ज्या इमारतीत नेमाची खानावळ चालत होती तिच्या पुनर्विकासात तळमजल्यावर, रस्त्याला लागून, तेवढाच आणखी एक गाळा महापालिकेच्या मालकीचा राहावा. त्याबदल्यात विकासकाला प्रोत्साहनाचे चटईक्षेत्र द्यावे. तो गाळा नाममात्र भाड्याने फक्त जेवणाचे मेंबर ठेवणाऱ्याला, पहिला अधिकार जुन्या चालकाला आणि त्याच्या आचाऱ्या-वाढप्यांना ठेवून, दर बांधून द्यावा. बांधकामाच्या काळात चूल त्याच गल्लीत पेटती राहील अशी पर्यायी जागा द्यावी. यात गैरप्रकार होतील, बेनामी चालक येतील, दर बांधण्यावरून तंटे होतील. पण शाळा, बाजार, उद्यान, स्मशान यांच्यासाठी विकास आराखड्यात आरक्षण ठेवताना गैरप्रकारांची भीती आपल्याला अडवत नाही. जेवणाला तेवढे सार्वजनिक मानायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

पुनर्विकासाच्या करारनाम्यात आज प्रत्येक भाडेकरूच्या नावापुढे चौरस फुटांचा आकडा असतो. खानावळीच्या नावापुढे दुसरा आकडाही लिहिणे सक्तीचे करावे: रोज किती माणसे इथे नेमाने जेवतात आणि कितीला. तो आकडा एकदा कागदावर आला की समान क्षेत्रफळाने सारे भरून निघाले, असे म्हणणाऱ्याला ती माणसे उद्यापासून कुठे आणि कितीला जेवणार, याचे उत्तर द्यावे लागेल. जी योजना ते उत्तर देऊ शकत नाही, तिला मंजुरी मिळू नये.